पान चार, आरोप

दुकानाच्या मालकाला अंगठा चाटायची खोड होती. कागद उलटायचा म्हटलं की आधी अंगठा जिभेला, मग कागदाला. तोंडात सदा गुटखा. त्यामुळं लोकांच्या टीसीवर, जातीच्या दाखल्यावर, मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर, जिथं त्याचा हात पडला तिथं एक तांबूस ओला ठसा उमटायचा. स्कॅन केलं की तो ठसाही स्कॅनमध्ये यायचा आणि फॉर्मबरोबर थेट सरकारकडं जायचा. सव्वा वर्ष मी त्या दुकानात काम केलं. आजही कुणी माझ्यासमोर अंगठा चाटून पान उलटलं तर मी तोंड फिरवते.

दुकान पुंडलिकनगरात होतं, खाली दुकान आणि वर मालकाचं घर. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, लॅमिनेशनचं मशीन, चार प्लास्टिकची स्टुलं आणि 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी. मी बी.कॉम. झाले, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा झाल्या आणि तिथं लागले. राहायला तीन गल्ल्या पलीकडं, मावशीकडं.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. वडील लासूर स्टेशनच्या बाजारात हमाली करतात, कांद्याच्या गोण्या वाहतात. आई सही करायला शिकली ती माझ्या दहावीच्या फॉर्मवर पालकाची सही लागत होती म्हणून. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, मला हे सांगायला आवडतं. काळा झगा घातलेला माझा पदवीचा फोटो आमच्या घरी बुद्धाच्या फोटोशेजारी लावलाय आणि कुणी पाहुणा आला की वडील त्याला आधी त्या भिंतीसमोरच बसवतात.

दुकानातलं सगळं काम एकाच गोष्टीभोवती फिरायचं, ती म्हणजे फाइल लहान करणं. सरकारी साइटवर फोटो इतक्याच केबीचा, सही तितक्याच केबीची, दाखला त्याहून मोठा नको. माणूस गावाकडून पिशवीभर कागद घेऊन यायचा. मी ते स्कॅन करायची, दाबून दाबून बारीक करायची आणि साइटच्या फटीतून आत सरकवायची. जास्त दाबलं की अक्षरं फुटतात, कमी दाबलं की साइट घेत नाही. त्यात माझा हात बसला होता. बाजूच्या दुकानांतून नाकारलेले फॉर्म आमच्याकडं यायचे आणि पास व्हायचे. मला त्याचा गर्व होता, आजही आहे.

फाइलींना नावं द्यायचं वळण मला कॉम्प्युटर क्लासच्या बाईंनी लावलं होतं. त्या म्हणायच्या, "फाइल न उघडता आत काय आहे ते कळलं पाहिजे. नाही कळलं तर तुम्ही अडाणी." अडाणी म्हटलेलं मला चालत नाही. म्हणून माझ्या हाताखालून गेलेली प्रत्येक फाइल नीट नावाची असायची. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

मालक काहीच पुसू द्यायचा नाही. "डिलीट केलं की गिऱ्हाईक गेलं," म्हणायचा. फॉर्म भरून झाला तरी माणसाचे कागद आमच्या कॉम्प्युटरवर राहायचे. पिवळ्या फोल्डरांनी पडदा भरलेला असायचा, प्रत्येकावर माणसाचं नाव आणि गल्ली. पुढच्या वेळी तो माणूस मोकळ्या हातानं यायचा, "कागद तुमच्याकडंच असतील ना?" म्हणायचा आणि मालक छाती फुगवून म्हणायचा, "सगळं सेफ आहे."

काय सेफ होतं ते मला दुसऱ्याच महिन्यात दिसलं. पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टाचा एक माणूस आला. हातात कागद नव्हता. तो मालकाच्या कानाशी वाकला.

"दादा, चौथ्या गल्लीतली ती पोरगी, तिचा फॉर्म इथंच भरला ना?"

"कोणासाठी बघायलात?"

"धाकट्यासाठी. बायोडाट्यात बी.एस्सी. लिहिलंय."

"लिहितात हो." मालकानं फोल्डर उघडला आणि पडदा त्याच्याकडं फिरवला. "हे घ्या. दुसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिलेत. आन् ही टीसी. जन्मतारीख बघा."

"म्हंजे वय पण चोरलं?"

"दीड वर्षच. तेवढं तर चालतंच."

दोघं हसले. मी शेजारच्या खुर्चीवर बसून कुणाची तरी सही कापत होते. नंतर कळलं की हे रोजचंच आहे. आसपासच्या पाच-सहा गल्ल्यांत सोयरिक ठरवायची म्हणजे आधी पाहुणे, मग पत्रिका किंवा बायोडाटा, आणि मग कुणाला न सांगता आमचं दुकान. मुलाची पगाराची स्लिप खरी का, मुलीचे मार्क खरे का, बापाच्या नावावर घर आहे का भाड्याचं आहे. मालक त्याचं काही घ्यायचा नाही. लग्न जमलं की फक्त पेढ्यांचा पुडा यायचा. मालक तो उघडा ठेवायचा, गुटखा एका गालात सरकवून पेढा दुसऱ्या गालात धरायचा आणि मला म्हणायचा, "घ्या बी.कॉम., तोंड गोड करा." मी घ्यायची. चार-पाच पेढे तरी खाल्ले असतील मी त्या सव्वा वर्षात. 

आणि मी काही वेगळी नव्हते. मावसबहिणीला एक स्थळ आलं होतं, मुलगा पुंडलिकनगरचाच. मावशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुझ्याकडं असतील की गं त्याचे कागद. जरा बघून ये. बघितल्यानं काय झिजतंय?"

मी बघितलं. विम्यासाठी जोडलेला दवाखान्याचा कागद होता. त्याला फिट्स येतात, गोळ्या चालू आहेत. मी घरी येऊन सांगितलं. मावशीनं दुसऱ्या दिवशी निरोप धाडला की मुलीला एवढ्यात लग्न करायचं नाही. महिन्याभरानं तोच मुलगा आमच्या दुकानात फॉर्म भरायला आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं काम लई साफ असतं म्हणतात." मी त्याच्याकडं न बघता त्याचा फोटो लहान करत बसले.

हे सगळं आधी सांगितलं, कारण मग छावणीतल्या बाईबद्दल लिहिताना मी स्वतःला चांगलं दाखवते असं कुणाला वाटायला नको.

ती लष्कराच्या छावणीच्या बाजारात एका शिंप्याकडं वर्दीच्या शिलाईचं काम करायची. पस्तिशीची असेल. बोटांना मशीनच्या तेलाचा वास. मालक जेवायला वर गेला होता तेव्हा ती आली, आणि मुद्दाम तेव्हाच आली असं मला वाटतं. एका सरकारी भरतीचा फॉर्म भरायचा होता. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या निकालाची पूर्ण प्रत जोडा, असं त्यात लिहिलेलं.

तिनं पिशवीतून अकरा पानं काढली. माझ्या हातात दिली नाहीत, स्वतःच्याच मांडीवर ठेवली.

"मॅडम, सगळीच पानं लागतात का?"

"पूर्ण प्रत म्हटलंय, ताई."

"हे चौथं नाही जोडलं तर?"

"मग फॉर्म बाद."

तिनं ते पान बाकीच्यांच्या खाली सरकवलं. मग म्हणाली, "माझं मोडलंय हे सगळ्यांना माहीत हाय. ते मी लपवत नाय. दुसरीकडं बोलणं चालू हाय, त्यांना पण माहीत हाय. पण त्या माणसानं कोर्टात माझ्याबद्दल जे लिहून दिलं ते ह्या पानावर हाय. चार ओळी. ते कुणाच्या डोळ्याला पडू नये. एवढंच."

मी ते पान वाचलं. स्कॅन करताना वाचलं, खोटं कशाला सांगू. काय होतं ते इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते की एखाद्या बाईबद्दल असलं लिहायला हात कसा उठतो, तो हात घरी जाऊन भाकरी कशी खातो, असं मला झालं. पुढं सातव्या पानावर कोर्टानं साफ लिहिलं होतं की हा आरोप सिद्ध झालेला नाही, त्याला काडीचा आधार नाही. पण चौथ्या पानावरून सातव्यापर्यंत जायला कुणाला वेळ असतो?

मी माझी सगळी कला लावली. दहा पानं स्वच्छ ठेवली. चौथं पान एकटंच इतकं दाबलं की अक्षरांच्या मुंग्या झाल्या. कागद आहे, शिक्का आहे, मजकूर मात्र कुणाच्या बापाला वाचता येणार नाही. अकरा पानं जोडून एक फाइल केली, साइटनं घेतली. तिचा चेहरा जरा सैल झाला.

"आता हे सगळं पुसून टाकते," मी म्हणाले.

"नको. पुढं कागद तपासणीला परत लागतील. घरी भाऊ-भावजयीचे हात सगळीकडं फिरतात. इथंच ऱ्हाऊ द्या, पण झाकून."

मग मी तिला झिप म्हणजे काय ते समजावलं. सुट्या पानांच्या सगळ्या फाइली एका गाठोड्यात बांधायच्या आणि गाठोड्याला पासवर्ड लावायचा. पासवर्ड कळल्याशिवाय मालकालाच काय, मलाही उघडता येणार नाही. "तुम्हीच टाका, मी तोंड फिरवते."

"किती अक्षरं चालतात?"

"कितीही."

मी भिंतीकडं बघत बसले. भिंतीवर गुटख्याची पिचकारी वाळलेली होती. पाठीमागं एका बोटानं बटणं दाबल्याचा आवाज येत राहिला, थांबत थांबत, खूप वेळ. मग तोच पासवर्ड दुसऱ्यांदा. मी वळले तेव्हा ठिपक्यांची रांग चौकटीच्या बाहेर गेली होती. मी मूळ पानं पुसली, कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपली रिकामी केली, फक्त गाठोडं ठेवलं. ती जाताना म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या म्हणून इथं आले. छावणीत पण दुकानं हायेत." दिवसभर ते वाक्य मी अंगावर शालीसारखं घेऊन फिरले.

आठवड्याभरानं, दुपारी चारच्या सुमारास, एक बाई आली. शेजारच्या गल्लीतली, आमच्याच समाजातली. तोंडओळख होती. तिचा भाऊ बिजवर, वाळूजच्या कंपनीत कामाला. छावणीतल्या बाईचं बोलणं चालू होतं ते त्याच्याशीच.

"दादा, तिचे कोर्टाचे कागद तुमच्याकडं आलते म्हणं. भावाचा प्रश्न हाय हो. एकदा पोळलाय तो."

मालकानं फोल्डर उघडला. आत एकच गाठोडं. "हे काय आहे, बी.कॉम.?"

"त्यांनी पासवर्ड टाकलाय. मला माहीत नाही."

मालक हसला आणि त्यानं गाठोड्यावर दोनदा टिचकी मारली. मी निर्धास्त होते. आणि मग गाठोडं उघडलं.

फाइली उघडल्या नाहीत, त्यांची नावं उघडली. मी माझ्या हातानं दिलेली, न उघडता आत काय आहे ते कळावं अशी, शहाण्यासारखी दिलेली नावं एकाखाली एक उभी राहिली. 'पान १ पक्षकारांची नावं'. 'पान २ लग्नाची माहिती'. 'पान ३ अर्जदाराचं म्हणणं'. 'पान ४ आरोप'. पुढं सगळी नुसती 'पान ५', 'पान ६', 'पान ७', कारण चौथं वाचल्यावर नावं द्यायचं माझं भानच गेलं होतं. मला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं, कुलूप म्हणजे कुलूप. मी पेटीला कुलूप लावलं होतं आणि पेटी काचेची होती.

"आरोप?" ती बाई पडद्याला नाक लावून म्हणाली. "कसला आरोप?"

मालकानं फाइलवर टिचकी मारली. पासवर्डची चौकट आली. आणि मग ते दोघं जे करायला लागले ते माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही. अंदाज करायला लागले. मालकानं वहीतून तिचा मोबाइल नंबर घेतला, टाकला. नाही. जन्मतारीख टाकली. नाही.

"तिच्या पोरीचं नाव टाका."

"नाही चालत."

"आईचं टाका. थांबा, जयभीम टाकून बघा."

"इंग्लिशमधी का मराठीत?"

"दोन्ही टाका ना, काय बिघडतंय!"

एखाद्या बाईच्या पदराला बाहेरून हात लावून गाठ शोधावी तसं चाललं होतं, आणि दोघंही मजेत. मालकानं मधेच वरून चहा मागवला. बशीत ओतून फुरके मारत तिनं नवऱ्याचं, म्हणजे त्या पहिल्या नवऱ्याचं, नाव सुचवलं. "जुनं पिरेम असतंय, सांगता येत नाय."

मी म्हणाले, "बस करा की आता."

"तुला काय झालं?" मालक म्हणाला. आणि मग त्याला सुचलं. फॉर्मचा नोंदणी क्रमांक वहीत होता, जन्मतारीख होती, साइटवर जाऊन जोडलेली प्रत बघता येते. त्यानं ती उघडली आणि पानं खाली सरकवली. एक स्वच्छ, दोन स्वच्छ, तीन स्वच्छ. चार म्हणजे नुसत्या मुंग्या.

"बघा! तेवढंच पान पुसलंय!" ती बाई टाळी वाजवून ओरडली. "म्हंजे कायतरी भयंकरच असणार."

 दोन्ही गोष्टी मी तिला झाकायला केल्या होत्या आणि दोन्हींनी त्या एका पानाकडं बोट दाखवलं होतं. नुसतं सगळं उघडं टाकलं असतं तर अकरा पानांच्या कोर्टाच्या मराठीत हिनं पहिल्याच पानावर जांभई दिली असती.

"पान सात बघा," मी म्हणाले. "तिथं कोर्टानं लिहिलंय की खोटं आहे सगळं."

 मालकानं खुर्ची माझ्याकडं वळवली. "म्हणजे तू वाचलंय."

"पान सात बघा म्हटलं."

"सात राहू दे. चारवर काय आहे?"

"नाही सांगणार."

"अगं, सांग की बाई," ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली. तो हात चहाच्या बशीनं चिकट झाला होता. "तू माझ्या लेकीसारखी. कुठं बोलणार हाय मी?"

"नाही सांगणार. काढून टाकायचं असेल तर टाका कामावरून."

मालकानं काढलं नाही. मराठी टायपिंग येणारं दुसरं कुणी त्याच्याकडं नव्हतं. तो नुसता थुंकला, कोपऱ्यातल्या डब्यात, आणि म्हणाला, "लई शिकली की असं व्हतं." सातवं पान पडद्यावर तसंच होतं, स्वच्छ, वाचता येण्यासारखं. कुणी वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः छावणीत गेले. ती मशीनवर होती, खाकी कापडाला बाहीची पट्टी लावत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, नावांचं, मुंग्यांचं, सगळं. तिनं मशीन थांबवलं नाही. पट्टी पूर्ण केली, दोरा दातानं तोडला.

"आरोप असं लिहिलं व्हतं तुम्ही?"

"हो."

"का?"

"सवय आहे."

"उद्या चारला येते," ती म्हणाली. "त्यांना पण बोलावते."

आली. बिजवर आणि त्याची बहीणही आली. तो माणूस दिसायला साधा, मांडीवर हेल्मेट धरून स्टुलावर बसला, मुलगी बघायला आल्यासारखा अवघडून. बहीण उभी. मालकानं शटर जरा खाली ओढलं. लाजेनं नाही, तमाशा फुकट जाऊ नये म्हणून.

बहीण म्हणाली, "आमचं काय म्हणणं नाय. फक्त काय हाय ते कळू द्या. मन साफ ऱ्हातं."

"तुम्हाला नाय विचारत," छावणीतली बाई म्हणाली आणि त्याच्याकडं वळली. "तुमचं काय म्हणणं हाय?"

तो हेल्मेटच्या काचेवरून अंगठा फिरवत म्हणाला, "मला तसं वाचायचं नाय. पण ताईचं समाधान व्हायला पायजे."

"लग्न ताईला करायचंय का तुम्हाला?"

 तिनं मला हातानं उठायची खूण केली, माझ्या खुर्चीवर बसली आणि गाठोडं उघडलं. चौथ्या पानावर टिचकी मारली. पासवर्डची चौकट आली. तिनं दोन्ही हात बटणांवर ठेवले आणि मान वळवून त्याला म्हणाली,

"मी उघडते. पण वाचायचं तुम्ही. मोठ्यानं. माझ्यासमोर, तुमच्या बहिणीसमोर, ह्या दादांसमोर. चारच ओळी हायेत. त्यानं लिहिलं, कोर्टात वकिलानं वाचलं, मी उभी राहून ऐकलं. तुमच्या तोंडून पण ऐकते. मग करू लग्न."

"मी वाचते ना," बहीण पुढं झाली.

"तुमच्याशी नाय लागायचं माझं लग्न."

मालक फिसकन हसला. कुणी त्याला साथ दिली नाही.  तो माणूस उठला. मला वाटलं तो म्हणेल की बंद करा, मला काही नको. तसं त्यानं म्हटलं असतं तर ती कदाचित हो म्हणाली असती, अजूनही मला तसं वाटतं. त्यानं बहिणीकडं बघितलं. मग हेल्मेट उचललं आणि "मी गाडी काढतो," म्हणून शटरखालून वाकून बाहेर गेला.

बहीण जाताना बोललीच. "लपवणाऱ्याच्याच मनात असतंय."

ती गेल्यावर छावणीतल्या बाईनं चौकट बंद केली. पासवर्ड टाकलाच नाही. गाठोडं पेनड्राइव्हवर घेतलं, मला कॉम्प्युटरवरून पुसायला लावलं, टोपली रिकामी करायला लावली आणि प्रत्येक वेळी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "गेलं? नक्की?" मालक "डिलीट नको," म्हणत पुढं आला तर तिनं नुसतं त्याच्या तोंडाकडं बघितलं, त्या लाल ओठांकडं. तो मागं सरकला.

मग पडद्यावरचे पिवळे फोल्डर बघत ती म्हणाली, "आन् हे सगळे?"

"लोकांचे आहेत."

"त्यांना माहीत हाय?"

मी मान हलवली, नाही.

"आन् तू शिकलेली ना गं? बी.ए. ना?"

"बी.कॉम.," मी म्हणाले.

त्या क्षणीसुद्धा मी तिची चूक दुरुस्त केली. ती दोन अक्षरं तोंडातून गेली आणि मला स्वतःची अशी घाण वाटली की मी खाली बघायला लागले.  ती पेनड्राइव्ह ब्लाउजमध्ये ठेवून निघून गेली. परत कधी आमच्या दुकानात आली नाही. चार महिन्यांनी भरतीची निवडयादी लागली, त्यात तिचं नाव मी वाचलं. आमच्याकडं प्रिंट मागायला ती आली नाही. त्याच सुमारास बिजवराच्या बहिणीकडून पेढ्यांचा पुडा आला. दुसरीकडं जमलं होतं. मी खाल्ला नाही. आता नाही खाल्ला म्हणून काय मोठं.

पण ती गेली त्याच संध्याकाळी मी एक काम केलं. गाठोडं बांधायच्या त्या खिडकीत झिपच्या जागी दुसरा प्रकार निवडला की खाली एक छोटा चौकोन जागा होतो. त्यावर खूण केली की फाइलींची नावंसुद्धा झाकली जातात. तो चौकोन पहिल्यापासून तिथंच होता. मी कधी खालपर्यंत वाचलंच नव्हतं. ज्यांनी सातवं पान वाचलं नाही त्यांना मी काय म्हणून नावं ठेवावीत?

फिट्स येणाऱ्या त्या मुलाचा फोल्डर काढला. त्याचं गाठोडं बांधलं, चौकोनावर खूण केली. कोऱ्या पानावर डोळे मिटून, दोन्ही हातांनी, वाटेल ती बटणं दाबली, तीच गिचमिड दोनदा चिकटवून पासवर्ड केला आणि ते पान न ठेवता बंद केलं. मूळ फोल्डर पुसला. आता तो कुणालाच उघडणार नव्हता, मलाही नाही. मग दुसऱ्याचा घेतला, मग तिसऱ्याचा. मालक वर जेवायला जायचा तेवढ्या वेळात रोज चार-पाच व्हायचे.

महिन्याभरात बोंब झाली. लोक मोकळ्या हातानं यायचे आणि मालक डोकं धरून बसायचा. "व्हायरस आला असेल," मी म्हणायची. तो मुलगाही आला. त्याला घरी परत जाऊन सगळे कागद आणावे लागले, उन्हातून, दोन चकरा. तो घाम पुसत माझ्यासमोर बसला आणि मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"एवढ्या शिकलेल्या बाया ठेवता दुकानात, आन् साधी फाइल नाय सांभाळता येत."

मालक माझ्याकडं बघून हसला. मी त्याचे कागद एकेक करून काचेवर ठेवले, दवाखान्याचाही, पालथा. स्कॅन केले, लहान केले, नावं दिली. एक. दोन. तीन.